उन्हाच्या मापाला वारा

कुडाळजवळचं पिंगुळी म्हटलं की लोकांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात, आणि ते योग्यच आहे. इथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. मला मात्र बरीच वर्षं नाद आहे तो या गावावर उतरणाऱ्या उन्हाचा, आणि ते मोजणाऱ्या यंत्राचा.

त्याचं नाव पायरॅनोमीटर. एकात एक असे दोन काचेचे घुमट, आत काळी चकती. ऊन पडलं की चकती तापते. ती यंत्राच्या धातूच्या अंगापेक्षा किती गरम झाली, यावरून उन्हाचं माप निघतं. मग रात्री शून्य यायला हवं ना? निरभ्र रात्री ते शून्याच्या खाली जातं, दर चौरस मीटरला पाच-दहा वॅट उणे. मला या उण्या आकड्याची विलक्षण ओढ आहे. काच थंड आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि गार होते. चकती त्या गार काचेला आपली उष्णता देते आणि अंगापेक्षा थंड पडते. हे दिवसाही चालूच असतं, फक्त दिसत नाही. दुपारच्या ९०० वॅटमधून दहा गेले तर कोणाच्या लक्षात येणार? पण सूर्य झाकून नुसता आकाशातून विखरून येणारा उजेड मोजायचा, तर स्वच्छ दिवशी तो सगळा मिळून शंभराच्या आसपास. तिथे दहा वॅट म्हणजे दहावा हिस्सा. १९९० च्या दशकात निरभ्र आकाशाची गणितं आणि प्रत्यक्ष मापं जुळेनात. त्या तफावतीचा एक भाग हवेत नव्हताच, तो या गार घुमटात होता.

उपाय वाऱ्याचा. यंत्राखाली छोटा पंखा बसवतात. गाळलेली हवा अंगाभोवतीने वर चढते आणि घुमटावरून वाहत राहते. काच आणि अंग यांच्या तापमानातलं अंतर कमी होतं, रात्रीचा आकडा शून्याकडे सरकतो. थंड देशांत हिमासाठी सोबत हीटरही देतात. आपल्याकडे तो नको, असं माझं ठाम मत आहे: जास्तीच्या उबेने यंत्रात तापमानाचा नवा फरक तयार होतो. मोटरची किंचित ऊब पुरते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. भारतात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात उभं राहिलं, ते हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांच्यामुळे. पुण्याच्या वेधशाळेत त्यांनी ही यंत्रं देशातच घडवून घेतली. १९८० साली त्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या आकड्यांचा ग्रंथ आला.

आता आमच्या किनाऱ्याकडे येतो, कारण खरी गंमत इथेच आहे. पुण्याची हिवाळी हवा कोरडी, म्हणून आकाश फार थंड आणि उणा आकडा मोठा. कोकणात हवेतली वाफ उष्णता खाली परत पाठवते, त्यामुळे तो लहान; पावसाळ्यातल्या ढगाळ रात्री तर जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून कोणी म्हणेल, इथे पंखा कशाला? मार्गशीर्षातल्या पहाटे कुडाळ रस्त्याने या. खळ्यातल्या मोटारसायकलची सीट, केळीची पानं, कौलं, सगळं दहिवराने भिजलेलं असतं. तसाच घुमटही भिजतो. थेंबांतून ऊन वेडंवाकडं वळतं आणि दव वाळेपर्यंतची सकाळची नोंद वाया जाते. वाहत्या हवेत दव धरत नाही. देशावर पंखा उण्या आकड्यासाठी लागतो, आमच्याकडे दवासाठी.

मात्र खारा वारा आणि उन्हाळ्यातली जांभ्याची तांबडी धूळ गाळणी बुजवते. पंखा मंदावतो, आकडे येत राहतात, आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की उन्हाच्या प्रत्येक नोंदीशेजारी पंख्याचा वेगही नोंदवावा आणि किनाऱ्यावर गाळणी दर महिन्याला काढून झटकावी, शिमग्यानंतर तर दर आठवड्याला.