दाराआडचे दुखणे

भाऊबिजेला मी दरवर्षी मानवतला जाते. मानवत रोड स्थानकावर गाडीतून उतरले, की गावात पोहोचेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस दिसतो आणि पुण्यात चाळीस वर्षे डॉक्टरकी करणारी मी पुन्हा परकरी पोर होते. दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबिजेचीच गोष्ट. ओवाळणी झाली होती, भाचरे अंगणात भुईनळे लावीत होती आणि मी चकलीचा तुकडा मोडते आहे, तोच शेजारच्या वहिनी मागच्या दाराने आल्या. त्यांच्यामागे त्यांची लेक उभी होती, नव्या साडीत, पण चेहरा उतरलेला.

"आक्का, जरा आतल्या खोलीत येता का?" वहिनी हळूच म्हणाल्या. "पोरीला दाखवायचं हाय. पण कुणाला कळायला नको."

मी आत गेले. वहिनींनी दाराला कडी लावली. एवढ्यावरूनच दुखणे कुठले असेल, याचा मला अंदाज आला. आपल्याकडे ताप उघड्या दाराने येतो, खोकला उघड्या दाराने येतो. कडी लावून येणारे दुखणे एकाच जागेचे असते.

ऐन दिवाळीच्या अंकात, लाडू-करंज्यांच्या पंगतीत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्या. दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरतो, म्हणूनच मी ही जागा निवडली आहे. त्या मायलेकींची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलून ही हकीकत सांगते आहे.

मुलीचे लग्न होऊन आठ महिने झाले होते. तिसऱ्या महिन्यापासून तिला आतून खाज सुटे, आग होई, दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे जाई. नवऱ्याने औषधाच्या दुकानातून मलम आणून दिले. दोन दिवस बरे वाटले, आठव्या दिवशी पुन्हा तेच. असे तीनदा झाले. मग नवऱ्यालाही तिथे लाली आली, खाज सुटली आणि एका रात्री तो म्हणाला, "हे तू कुठून आणलंस?"

"मी म्हटलं, तुम्हीच आणलं असेल," मुलगी खाली मान घालून म्हणाली. "तेव्हापासून आम्ही बोललो नाही, आत्या. त्यांनी मला दिवाळीला इकडं धाडलं अन् स्वतः आले नाहीत."

वहिनींनी घरचे उपाय चालू केलेच होते. सकाळ-संध्याकाळ तुरटीच्या पाण्याने आतून धुणे आणि वर जंतुनाशकाचे चार थेंब. "सगळी घाण निघून जावी म्हणून," त्या म्हणाल्या. बिचारीची कातडी सोलून निघाली होती.

मी दोघींना समोर बसवले आणि घरातल्या भाषेत समजावले. तेच आता तुम्हांला सांगते.

या दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे यीस्ट, एक सूक्ष्म बुरशी. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ही दूरची नातलग. तिला कँडिडा म्हणतात. हे नाव १९२३ साली क्रिस्टीन बेर्कहाउट या डच विदुषीने रूढ केले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पांढरी'. ही बुरशी बाहेरून चोरपावलांनी यावी लागत नाही. ती आपल्या तोंडात, आतड्यात असते. धडधाकट असलेल्या शंभरातल्या दहा ते वीस स्त्रियांच्या योनिमार्गातही ती काही त्रास न देता राहते. तिला आवर घालणारे जंतूही तिथेच असतात. दही लावणाऱ्या जंतूंचेच ते भाऊबंद. ते आम्ल तयार करतात आणि त्या जागेचे रक्षण करतात.

हे राखणदार दुबळे झाले, किंवा बुरशीला खाद्य जास्त मिळाले, की ती माजते. घसा दुखला म्हणून प्रतिजैविके घेतली, तर त्या औषधाने घशाच्या जंतूंबरोबर हे राखणदारही मरतात. गरोदरपणात संप्रेरके वाढतात, तेव्हाही तसे होते. स्टेरॉइड चालू असले तरी होते. आणि रक्तातली साखर वाढली तर हमखास होते. चारांतल्या तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. ज्यांचा पुरुषाशी कधी संबंध आला नाही अशा मुलींनाही होतो, व्रतस्थ स्त्रियांनाही होतो. तेव्हा हा काही कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

"मग त्यांना कसं झालं?" मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता.

शरीरसंबंधातून ही बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे खरे. पण वैद्यकशास्त्र हिला गुप्तरोगांच्या यादीत धरीत नाही, कारण बहुतेक वेळा ती स्वतःच्याच शरीरातली असते. म्हणून बायकोला झाले की नवऱ्याला सरसकट औषध देत नाहीत. त्याला लाली, खाज असेल तरच देतात. लग्नानंतर काही मुलींना हा त्रास प्रथमच होतो, तो नव्या सहवासात नाजूक कातडीला घर्षण झाल्यामुळेही. त्यात वाईट कोणीच नसते. आग होत असताना मात्र संबंध टाळावा. एक तर दुखते, आणि बरी होत आलेली कातडी पुन्हा सोलवटते. शिवाय योनीत घालायची पुष्कळशी मलमे तेलकट असतात, त्यांनी निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. हे पाकिटावर बारीक अक्षरांत असते आणि कोणी वाचत नाही.

आता सावधगिरीचा शब्द. पांढरे जाणारे सारेच यीस्ट नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पारदर्शक, चिकट स्राव जातो, तो निरोगीपणाचा. पातळ, करडा आणि माशासारखा वास येणारा स्राव वेगळ्या जंतूंचा. त्याला औषधही वेगळे. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास नावाच्या जीवाचा असू शकतो. हा मात्र संबंधातूनच पसरतो आणि त्यात नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यावे लागते. हे तिन्ही प्रकार नुसते ऐकून ओळखताना भलेभले चुकतात. पहिल्या उमेदीत मीही चुकले आहे; न तपासता गोळी लिहून दिली आणि महिनाभराने बाई तशीच परत आली. काचपट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर उत्तर काही मिनिटांत मिळते.

दुकानातल्या मलमाचे गुपितही सांगते. पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज चटकन थांबते, बुरशी मात्र मरत नाही. उलट तिला रान मोकळे होते. दोन दिवस बरे आणि आठव्या दिवशी तेच, याचे कारण बरेचदा हेच असते.

खरे औषध साधे आणि स्वस्त आहे. त्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. बुरशीवरचे माणसाला मानवणारे पहिले औषध १९५० साली दोन बायकांनी जगापुढे ठेवले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात जंतू वाढवी, रेचेल ब्राउन ऑल्बनीला रसायने वेगळी करी. दोघींमध्ये मातीचे आणि रसायनांचे नमुने टपालाने जात-येत. एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावरच्या मातीत त्यांना ते सापडले. आपल्या राज्याच्या नावावरून त्यांनी औषधाला निस्टॅटिन म्हटले आणि त्यातून आलेले लक्षावधी डॉलर विज्ञानाच्या कामाला देऊन टाकले. आज क्लोट्रिमॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी साध्या दुखण्याला पुरते. मात्र गरोदर बाईने ती पोटात घ्यायची गोळी घ्यायची नाही. सरकारी दवाखान्यांत या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचे औषधाचे पाकीट फुकट मिळते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला परभणीला एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासणीत यीस्टच निघाले. तिची साखर ठीक होती. पण माझ्या मनातली शंका जाईना. मी तिच्या नवऱ्याला फोन लावला.

"जावईबापू, मी मानवतची आत्या, डॉक्टर आहे. रागावण्यासाठी फोन केलेला नाही. एकच विचारते. हल्ली तहान फार लागते का? रात्री लघवीला उठावे लागते का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "तीन-चार वेळा उठतो. तुम्हाला कसं कळलं?"

तिशीतल्या पुरुषाला इंद्रियाच्या टोकाशी पुन्हा पुन्हा लाली आणि खाज येणे, ही कधी कधी मधुमेहाची पहिली हाक असते. लघवीत उतरलेल्या साखरेवर बुरशी पोसते. त्याची उपाशीपोटीची साखर २६० निघाली. १२६च्या पुढे गेली की मधुमेह धरतात. बायकोच्या वारंवार होणाऱ्या त्रासात त्याचा वाटा किती आणि मलमाचा, तुरटीच्या पाण्याचा किती, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ज्या खाजेवरून ती दोघे एकमेकांवर संशय घेत होती, तिनेच त्याचे मूत्रपिंड आणि डोळे वाचवायची संधी दिली, एवढे खरे.

हे मला इतक्या चटकन सुचले, याचे कारण मात्र पुस्तकातले नाही. आमच्या त्याच घरी, न्हाणीघराच्या दाराआड तुरटीची एक बादली असे. ती आईची. आम्ही पोरे तिला हात लावायचो नाही. रात्री आई उठून न्हाणीत जाई, पाण्याचा आवाज येई. १९७६ साली मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैद्यकी शिकत होते. सुटीत घरी येऊन आजूबाजूच्या सगळ्यांची नाडी पाहत होते. आईला मात्र कधी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. पुढे पायाची जखम भरेना, तेव्हा मधुमेह कळला. तोवर मूत्रपिंडे गेली होती. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "खाज तर दहा वर्षांपासून होती गं. पण लेकीला काय सांगायचं असलं?"

हे केवळ माझ्या आईचेच नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभरच्या आरोग्यखात्यांचे डोळे उघडले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते, त्यांतली जवळजवळ निम्मी दुखणी जंतुसंसर्गाची; आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या बाया होत्या अवघ्या शंभरात ८.

पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वेगळेच दिसले. पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेक जणींना जंतुसंसर्ग नव्हताच. त्यांच्या तक्रारीशी सर्वांत घट्ट नाते होते ते मनाच्या ताणाचे, घरातल्या जाचाचे. म्हणजे कधी दुखणे असते आणि बाई बोलत नाही, तर कधी बोलायचे दुसरेच असते आणि बाई हे दुखणे सांगते. दोन्हीकडे हवे असते ते ऐकणारे माणूस.

बोलण्याची किंमतही या महाराष्ट्राने पाहिली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात उघड उत्तरे दिली. त्याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी मासिक चालवले. आज तसे लिहिल्याबद्दल मला दंड होणार नाही. मग मी गप्प का बसावे?

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. आतून धुऊ नका; ती जागा स्वतःची सफाई स्वतः करते, बाहेरून साधे पाणी पुरे. दही, लसूण, तुरटी स्वयंपाकघरात शोभतात, तिथेच राहू द्या. सुती, कोरडे कपडे वापरा आणि ते उन्हात वाळवा, साडीच्या आड लपवून नव्हे. वर्षात तीन-चार वेळा त्रास झाला, पोटात दुखले, ताप आला, व्रण दिसला, संबंधानंतर रक्त गेले किंवा पाळी बंद झाल्यावर काही जाऊ लागले, तर दुकानदाराला न विचारता डॉक्टरांकडे जा. आणि पुरुषहो, मधुमेहाची काही नवी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांनीही ही खाज येते. ती डॉक्टरांना सांगा, बायकोला बोल लावू नका.

गेल्या भाऊबिजेला मी पुन्हा मानवतला होते. जावईबापू आले होते. वहिनींनी त्यांच्या ताटात करंजीऐवजी भाजके दाणे वाढले, तेव्हा त्यांनी तोंड वाकडे केले, पण खाल्ले. मुलगी हसत होती. निघताना वहिनी मला दारापर्यंत पोहोचवायला आल्या आणि भर अंगणात, सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आक्का, मलाबी जरा दाखवायचं होतं. दोन वर्षं झाली."

मी चपला काढल्या आणि पुन्हा आत गेले. या खेपेस कोणी कडी लावली नाही.