घरच्या पडद्यावरील चित्र आणि ध्वनि

खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा येथें, किंवा बुलढाणा जिल्ह्यांतील तशाच कोणत्याहि गांवीं, कापसाचे पैसे हातीं आले म्हणजे घरांत ज्या वस्तु येतात त्यांत मोठ्या पडद्याचा टीव्ही ही आतां जवळजवळ ठरलेली वस्तु झाली आहे. दुकानांत पाहिला तेव्हां त्याचें चित्र पाहून डोळे दिपलेले असतात. घरीं आणून भिंतीला लावावा, इंटरनेटवरून एखादा चित्रपट सुरू करावा, तों चित्र धुरकट, माणसांचे चेहरे मेणाचे, आणि बोलणें तर धड कळत नाहीं! संचच हलका निघाला, याहून भारी घ्यावयास हवा होता, असें मग घरांतील तरुण मंडळी म्हणूं लागतात. बहुतेक वेळां हें निदान चुकीचें असतें, आणि त्या चुकीपायीं आणखी कांहीं हजार रुपये जावयाचे असल्यामुळें प्रकरण नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

इंटरनेटवरून येणारा चित्रपट एका अखंड धारेनें येत नाहीं. पुरविणाऱ्या कंपनीच्या संगणकांत त्याचे कांहीं सेकंदांचे एकेक असे तुकडे करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा हलक्या प्रतीपासून उत्तम प्रतीपर्यंत अनेक प्रतींत तयार असतो. टीव्हींतील ॲप मागचा तुकडा किती लौकर पोंचला हें पाहून पुढचा कोणत्या प्रतीचा मागवावयाचा तें ठरवितें. वाट मोकळी असली कीं चांगली प्रत, अडली कीं हलकी. चित्र मध्येंच धूसर होऊन पुन्हां स्वच्छ होतें त्याचें कारण हेंच. विहिरीला पाणी मुबलक असून पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर वाफ्याला धार किती मिळावयाची? म्हणून संचाला दोष देण्यापूर्वीं पाइप कोठें अरुंद आहे तें शोधावें.

नेटफ्लिक्स या कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ७२० रेषांच्या चित्रास सेकंदाला ३ मेगाबिट, १०८० रेषांच्या चित्रास ५, आणि ज्याला बाजारांत 'फोर-के' म्हणतात त्या २१६० रेषांच्या चित्रास १५ मेगाबिट गति हवी. ५ मेगाबिट गतीनें तासभर चित्र आलें तर सव्वादोन जीबी डेटा लागतो. १५ नें पावणेसात. ज्या घरीं दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर टीव्ही चालतो, तेथें अडीच तासांचा चित्रपट उत्तम प्रतींत पुरा होणें शक्य नाहीं. अशा घरानें ॲपच्या सेटिंगमध्यें जाऊन प्रत स्वतःच मध्यम ठरवून टाकावी. सारखें वरखालीं होणाऱ्या चित्रापेक्षां एकसारखें मध्यम चित्र डोळ्यांस सुखाचें वाटतें. शिवाय रात्रीं आठ ते दहा या वेळांत एकाच टॉवरवर साऱ्या गांवाचा भार पडतो. ॲपमध्यें सोय असल्यास पहांटे चित्रपट उतरवून ठेवून सायंकाळीं पाहणें हा त्यावरचा साधा उपाय होय.

आतां या फोर-केविषयीं दोन शब्द, कारण पैसा येथेंच वायां जातो. निरोगी डोळ्याला एक कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनापेक्षां जवळ असलेल्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहींत. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारें साडेत्रेपन्न सेंटिमीटर असते. दहा फुटांवरील खाटेवरून पाहणाऱ्यास तेवढ्या उंचींत सहाशेंच्या आसपासच रेषा वेगळ्या दिसूं शकतात. १०८० रेषांचा पुरता लाभ घ्यावयाचा तर साडेपांच फुटांवर यावें लागेल, आणि फोर-केसाठीं तीन फुटांच्याहि आंत! मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें तेव्हां त्याच्या चित्राच्या दिसणाऱ्या रेषा ५७६ होत्या. तेव्हां दहा फुटांवरून डोळा जें वेचूं शकतो तें पन्नास वर्षांपूर्वींच्या मापाहून फारसें पुढें नाहीं. भारी संचांत रंग व काळोखाची छटा अधिक चांगली असते हें खरें, पण रेषांच्या आंकड्यासाठीं जादा पैसे मोजण्यापूर्वीं खाट आणि भिंत यांमधील अंतर एकदां टेपनें मोजावें.

वर्गणी आणि यंत्र यांचीहि मर्यादा असते. डिसेंबर २०२१ मध्यें नेटफ्लिक्सनें भारतांतील दर उतरविले तेव्हां १४९ रुपयांच्या वर्गणींत केवळ फोन वा टॅबलेटवर, तेंहि ४८० रेषांचें, चित्र मिळत असे. फोर-के फक्त ६४९ रुपयांच्या वर्गणींत होतें. तसेंच 'वाइडवाइन' नांवाची एक कुलुपाची पद्धत आहे. ज्या यंत्राला तिचा 'एल १' दर्जा नाहीं, त्यास अनेक कंपन्या ४८० रेषांच्या वर चित्र देतच नाहींत, मग वाट कितीहि रुंद असो. स्वस्त, नांवगांव नसलेला अँड्रॉइड बॉक्स घेणाऱ्यानें हा दर्जा आधीं विचारून घ्यावा.

घरांतल्या घरांत वाट अडते ती भिंतींनीं. राउटर बहुधा ओसरीवर किंवा माळ्याच्या कोपऱ्यांत, आणि टीव्ही दोन जाड भिंतींपलीकडच्या माजघरांत. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर जलद खरी, पण भिंतीपुढें लौकर थकते, २.४ ची दूर जाते पण सावकाश. राउटर उघड्यावर, उंच आणि घराच्या मध्याजवळ ठेवावा. सर्वांत उत्तम म्हणजे सरळ तार ओढावी. इथरनेटची साधी तार शंभर मीटरपर्यंत चालते, आणि एकदां बसविली म्हणजे पुन्हां तक्रार नाहीं. वीज क्षणभर जाऊन आली तरी राउटरला सावरावयास मिनिट-दोन मिनिटें लागतात. १२ व्होल्टचा लहान यूपीएस लावल्यास तो खोळंबा टळतो.

टीव्ही पेटींतून निघतो तो बरेचदां दुकानांतल्या दिव्यांशीं स्पर्धा करण्याच्या बेतानें भडक केलेला असतो. चित्राच्या सेटिंगमध्यें 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' निवडावें. प्रथम चित्र पिवळट वाटेल. दोन दिवसांत डोळा सरावतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चित्रपटापुरती बंद ठेवावी, कारण चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्ही मधलीं चित्रें आपल्या कल्पनेनें भरीत बसतो. मेणाच्या चेहऱ्यांचें मूळ पुष्कळदां हें असतें. क्रिकेटला ती सोय असूं द्यावी.

ध्वनीची गोष्ट मात्र चित्राहून अधिक मनावर घेण्यासारखी आहे. चित्र धूसर झालें तर मंडळी कुरकुरतात. बोलणें कळेनासें झालें म्हणजे आजी-आजोबा मुकाट्यानें उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, आणि त्यांना टीव्हीची आवड नाहीं असा घरच्यांचा समज होतो. वय वाढतें तसे कान प्रथम बारीक, उंच स्वर गमावतात, आणि स, श, फ हीं व्यंजनें त्याच स्वरांत असतात. आवाज वाढविला कीं घुमणारा भागहि तितकाच वाढतो, म्हणून गोंगाट होतो पण शब्द उमटत नाहीं. त्यांत पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या वा मागच्या बाजूस असतात, माथ्यावर टिनाचें छप्पर, खालीं फरशी, आणि वैशाखांत पारा चाळिशीवर गेला म्हणजे खिडकींतला कूलर घोंघावतो तो निराळाच!

उपाय खर्चाचे नाहींत. ध्वनीच्या सेटिंगमध्यें 'स्पष्ट आवाज' किंवा 'संवाद' अशा अर्थाची निवड असते, ती करावी. ॲपमध्यें ध्वनीचा '५.१' हा प्रकार चालूं असेल आणि घरीं दोनच स्पीकर असतील, तर 'स्टीरिओ' निवडावा. संवाद पुष्कळदां त्यानेंच वर येतो. टीव्हीसमोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगावी, खालीं सतरंजी अंथरावी. कूलर टीव्हीच्या बाजूस न ठेवतां बसणाऱ्यांच्या मागें ठेवूं नये, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दोहोंपासून दूर ठेवावा. वेगळा स्पीकर घेतलाच तर तो वडीलमाणसांच्या खाटेजवळ असावा. मोकळ्या जागीं अंतर निम्में केल्यास ध्वनि सहा डेसिबलनें वाढतो, खोलींत थोडा कमी, पण कूलरवर मात करावयास तेवढा पुरतो.

हा स्पीकर तारेनें जोडावा. ब्लूटूथनें जोडल्यास ध्वनि मागें पडून ओंठ आणि शब्द यांची फारकत होण्याचा संभव असतो. ध्वनि चित्राच्या १२५ सहस्रांश सेकंद मागें राहिला कीं तें जाणवूं लागतें असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनें ठरविलें आहे. ध्वनि पुढें गेलेला मात्र ४५ सहस्रांशांतच खुपतो, कारण बोलण्याआधीं शब्द ऐकूं येणें निसर्गांत कोठेंच नाहीं. सेटिंगमध्यें ध्वनि मागेंपुढें करण्याची सोय असते; बातम्या देणाऱ्याच्या ओंठांकडे पाहत ती हळूहळू फिरवावी, आणि जुळलें कीं नाहीं हें आजोबांनाच विचारावें.