बॅकअप झाला की नाही, सर्व्हरच कळवेल! लिनक्सवर छोटी मेल यंत्रणा अशी बसवा

पिंपरी-चिंचवड : भोसरी, तळवडे ते चाकण या पट्ट्यात वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉप्स आहेत. ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्राम, तपासणी अहवाल, डिस्पॅचच्या नोंदी असा सगळा डेटा अनेकदा ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एकाच लिनक्स संगणकावर असतो. रोज रात्री त्याचा बॅकअपही लावलेला असतो. पण डिस्क भरली किंवा वीज गेल्यानंतर बाहेरची हार्ड डिस्क पुन्हा जोडलीच गेली नाही, तर? बॅकअप थांबतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. जुने ड्रॉइंग शोधायची वेळ येते, तेव्हाच ते उघड होते.

सूचना का येत नाही?

ठरलेल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय म्हणजे क्रॉन. कामातून एखादा संदेश किंवा त्रुटी बाहेर आली, की क्रॉन ती मेलने पाठवू पाहते. मात्र त्यासाठी संगणकावर मेल ट्रान्सफर एजंट म्हणजे एमटीए लागतो. तो नसेल तर डेबियन आणि उबुंटूवर क्रॉन लॉगमध्ये फक्त एवढीच नोंद करते, की एमटीए नाही, म्हणून आउटपुट टाकून दिले. म्हणजे सर्व्हर तक्रार करत असतो, पण ती पोहोचवणारा पोस्टमनच नसतो.

पोस्टफिक्स कशाला नको?

पोस्टफिक्स हा पूर्ण मेल सर्व्हर आहे. तुम्हाला मेल स्वीकारायचे नाहीत, फक्त पाठवायचे आहेत. शिवाय साध्या ब्रॉडबँड जोडणीवरून थेट पाठवलेले मेल बहुतेक वेळा स्पॅममध्ये जातात किंवा नाकारले जातात. म्हणून आपला मेल जीमेल किंवा कंपनीच्या मेल सर्व्हरकडे सोपवणारा हलका एमटीए पुरेसा असतो. एमएसएमटीपी हा त्यातला सोपा पर्याय. जुन्या लेखांत एसएसएमटीपीचे नाव दिसेल, पण त्याची देखभाल थांबलेली असल्याने नव्याने बसवू नका.

कसे बसवाल?

१. एपीटीने एमएसएमटीपी आणि एमएसएमटीपी-एमटीए ही दोन पॅकेजेस इन्स्टॉल करा. दुसऱ्या पॅकेजमुळे क्रॉनला नेहमीची सेंडमेल कमांड मिळते.

२. ईटीसी फोल्डरमध्ये एमएसएमटीपीआरसी नावाची फाइल तयार करा. पहिली ओळ अकाउंट डीफॉल्ट. त्याखाली होस्ट, पोर्ट, टीएलएस, ऑथ, फ्रॉम, यूजर आणि पासवर्ड. ही नावे इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची. जीमेलसाठी होस्ट एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७. टीएलएस आणि ऑथ दोन्ही ऑन.

३. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गुगलने ही सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी अॅप पासवर्ड घ्या. सर्व्हरसाठी वेगळे खाते काढलेले उत्तम.

४. पासवर्ड फाइलमध्ये उघडा असतो. बॅकअप रूटच्या क्रॉनमधून चालत असेल, तर फाइलची मालकी रूटकडे ठेवा आणि परवानगी ६०० करा.

५. क्रॉनटॅबच्या सुरुवातीला मेलटू ही ओळ इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून पुढे तुमचा पूर्ण ईमेल पत्ता द्या.

६. टर्मिनलवरून स्वतःला चाचणी मेल पाठवा. तो गेला नाही तर डीबग पर्याय लावून पुन्हा पाठवा. अडचण पासवर्डची आहे की पोर्टची, ते कळते.

‘सगळे ठीक’ असा मेलही हवा

फक्त बिघाडाचा मेल मागवला, तर एक धोका राहतो. संगणकच बंद पडला, तर मेल पाठवणार कोण? त्यामुळे बॅकअप यशस्वी झाला तरच स्क्रिप्टने ‘बॅकअप पूर्ण’ अशी एक ओळ छापावी. म्हणजे रोज सकाळी एक मेल येईल. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी सर्व्हरकडे जाऊन बघायचे.

त्याआधी बाहेरची डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हे स्क्रिप्टला माउंटपॉइंट कमांडने तपासायला लावा. नाहीतर बॅकअप त्याच संगणकाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये साठेल आणि मेल मात्र ‘पूर्ण’ असा येईल.

इंटरनेट वारंवार जात असेल तर?

एमएसएमटीपी मेल रांगेत ठेवत नाही. त्या क्षणी जोडणी नसेल तर मेल गेलाच नाही असे समजा. अशा ठिकाणी नलमेलर वापरा. तो मेल साठवून ठेवतो आणि जोडणी आल्यावर पुन्हा पाठवतो.

सगळे बसवून झाले की एका संध्याकाळी बाहेरची डिस्क मुद्दाम काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी ‘पूर्ण’चा मेल आला नाही, तर यंत्रणा बरोबर बसली आहे. मग डिस्क परत जोडायला मात्र विसरू नका!