जुनी डिझेल मोटार : ती राखावी कशी व सोडावी केव्हां

आपल्या प्रांतांतील पुष्कळ बागाईतदारांच्या वाड्यापुढें आजहि वीस-पंचवीस वर्षांची एखादी डिझेल मोटार उभी असलेली दिसते. कोणाकडे महिंद्रांची जुनी जीप, कोणाकडे टाटांची सुमो किंवा इंडिका, तर क्वचित् कोणाकडे डिझेलवर चालणारी अँबॅसडर असते. यांपैकीं कांहीं गाड्या आतां नव्या मिळणेंच बंद झालें आहे. अँबॅसडरचें उत्पादन इ. स. २०१४ मध्यें, इंडिकाचें २०१८ मध्यें व सुमोचें २०१९ मध्यें थांबलें. अशा गाडीविषयीं घरांत बहुधा दोन पक्ष असतात. मुलगा म्हणतो, ती मोडीत घालावी. वडील म्हणतात, असें एंजिन पुन्हां मिळावयाचें नाहीं. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु बैलाचें वय पाहून नव्हे, तर त्याचे दांत, खूर व काम पाहून आपण त्याची किंमत करतों. तोच न्याय गाडीस लावला पाहिजे. त्यासाठीं हें एंजिन कशावर जगतें व कशानें मरतें, हें मालकास ठाऊक असणें अवश्य आहे.

एंजिनाचें मर्म

पेट्रोलच्या एंजिनांत इंधनाची वाफ व हवा यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेल एंजिनांत ठिणगी नाहीं. त्यांत निव्वळ हवा आंत घेऊन ती दाबतात. जुन्या मोटारींच्या कित्येक एंजिनांत हा दाब इतका असतो कीं, हवेचें आकारमान मूळच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतकें उरतें. त्यामुळें ती हवा पांचशें अंश सेल्सिअसहून अधिक तापते, व तींत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. ही युक्ति रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनियरची होय. त्यानें पेटंटासाठीं १८९२ मध्यें अर्ज केला, व १८९७ मध्यें औग्सबुर्ग येथें त्याचें एंजिन कसोटीस उतरलें. पुढें १९३६ मध्यें मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें २६० डी ही डिझेल मोटार बाजारांत आणली. ज्यांनीं विहिरीवर तेल-एंजिन चालविलें आहे, त्यांस हें सारें परकें वाटणार नाहीं. मोटारींतील एंजिन हें त्याचेंच चपळ भावंड आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, दाब टिकला पाहिजे. म्हणजे पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत व व्हॉल्व्ह हीं शाबूत हवींत. दुसरी, फवारा बारीक व अगदीं वेळेवर पडला पाहिजे. म्हणजे पंप व नोझल यांची प्रकृति चांगली हवी. पंपांतील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. अशा ठिकाणीं धुळीचा कण म्हणजे जात्यांत पडलेला खडाच समजावा. जुन्या डिझेल गाडींत विजेचीं गुंतागुंतीचीं यंत्रें थोडीं; तिची दुरुस्ती तालुक्याच्या गांवींहि होते, हा तिचा मोठा गुण. परंतु अस्वच्छता तिला मुळींच सोसत नाहीं. आमच्या मतें जुन्या डिझेल मोटारीचें आयुष्य तिच्या वयावर कमी व मालकाच्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असतें.

डिझेलची स्वच्छता

डिझेलचा पहिला शत्रु पाणी. टांकी अर्धी रिकामी राहिली म्हणजे रात्रीच्या गारव्यानें आंतील हवेंतला ओलावा थेंबरूपानें तळाशीं सांचतो. कारण पाणी डिझेलहून जड आहे. पावसाळ्यांत याच पाण्याच्या व तेलाच्या सांध्यावर सूक्ष्म जीव वाढून शेवाळासारखा चिकट गाळ होतो व तो गाळणी तुंबवितो. म्हणून पावसाळ्यांत गाडी उभी करतांना टांकी भरलेली असावी, व गाळणीच्या तळाचा पाणी काढण्याचा स्क्रू महिन्यांतून एकदां सैल करून तळचें पाणी काढून टाकावें. टांकी अगदीं रिती होईपर्यंत गाडी कधींहि चालवूं नये. तळचा गाळ व हवा दोन्हीहि पंपांत शिरतात.

शेतावर पिंपांत डिझेल ठेवण्याची ज्यांस गरज पडते, त्यांनीं पिंप सावलींत किंचित् तिरपें ठेवावें, तेल तळापासून चार बोटें वरून घ्यावें, व पिंप हलविल्यावर एक दिवस तें निवळूं द्यावें. जस्ताचा मुलामा दिलेलें भांडें वापरूं नये; जस्ताचा डिझेलशीं संयोग होऊन गाळणी व नोझल बिघडविणारे क्षार बनतात.

सकाळीं गाडी सुरू होण्यास फार वेळ लागतो, परंतु एकदां सुरू झाली म्हणजे नीट चालते, अशी तक्रार असेल तर पंप उघडण्याची घाई करूं नये. पुष्कळदां टांकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी तडकलेली असते व तेथून रात्रभर हवा आंत शिरते. नळी बदलून गाळणीवरील स्क्रू सैल करावा व हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. दुसरें कारण ग्लो प्लग हें असूं शकतें. थंड एंजिनास प्रथम ऊब देणाऱ्या या कांड्यांपैकीं एखादी जळाली असल्यास ती साध्या दिव्यानें तपासून ओळखतां येते. एक इशारा येथेंच द्यावयास हवा. नोझलच्या उडत्या फवाऱ्यापुढें हात कधींहि नेऊं नये. तो फवारा कातडी भेदून आंत जातो. जखम टिकलीएवढी दिसली तरी त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

रॉकेल व खाद्य तेल यांचा मोह

डिझेल महाग झालें कीं त्यांत रॉकेल मिसळण्याची बुद्धि होते. हें बेकायदेशीर तर आहेच, पण तोट्याचेंहि आहे. पंपास निराळें वंगण नसून बहुतेक जातींच्या पंपांत डिझेल हेंच वंगण असतें. रॉकेल पातळ असल्यानें दट्ट्या कोरडा घासला जातो.

खाद्य तेलाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. इ. स. १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत एक डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. यावरून आपल्या शेंगांचें तेल टांकींत ओतावें असें कोणास वाटेल, तर त्यानें थांबावें. भुईमुगाचें तेल डिझेलच्या सुमारें दहापट घट्ट असतें. त्याचा फवारा जाड पडतो, नोझलच्या तोंडाशीं डांबरासारखा थर बसतो, व न जळलेलें तेल रिंगांवरून खालीं उतरून वंगण दाट करतें. रासायनिक क्रिया करून केलेलें बायोडिझेल ही निराळी वस्तु आहे. तिची व कच्च्या तेलाची गल्लत करूं नये.

पंपावर मिळणारें डिझेलहि आतां पूर्वीचें राहिलें नाहीं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी. एस. ६ प्रतीचें डिझेल मिळूं लागलें; त्यांत गंधकाचें प्रमाण दहा लक्ष भागांत केवळ दहा भाग असतें. हें इंधन जुन्या गाडीस चालतें. मात्र जुन्या पंपांतील रबरी सीलें कडक झालेलीं असल्यास त्यांतून पाझर सुरू होऊं शकतो. तो दिसतांच सीलें बदलावीं. त्याचा दोष इंधनावर टाकून रॉकेलाकडे वळूं नये.

हवा, वंगण व पाणी

सुगीच्या दिवसांत फुफाट्याच्या वाटेनें गाडी रोज जात असेल तर हवेची गाळणी आठवड्यास पाहावी. कागदी गाळणी आंतून बाहेर अशी फुंकावी व फाटतांच टाकून द्यावी. कांहीं जुन्या जीपगाड्यांत तेलाच्या भांड्याची गाळणी असते. तींत तेल खुणेपर्यंतच भरावें. अधिक भरल्यास एंजिन तेंच तेल ओढून घेऊन बेफाम वेगानें धांवूं लागण्याचा धोका असतो.

वंगणाचें तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळें होतें, हा दोष नव्हे. काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. पण तें दुधासारखें झालें तर पाणी मिसळलें आहे, बहुधा हेडचें गॅस्केट गेलें आहे असें समजावें. त्याची पातळी न घालतां वाढली व त्यास डिझेलचा वास आला, तर पंप आंतून गळत आहे. गाडीच्या पुस्तकांत दिलेलें अंतर पाळावें. गाडी थोडीच फिरली असली तरी वर्षांतून एकदां तेल व त्याची गाळणी बदलावी.

रेडिएटरमध्यें विहिरीचें कठीण पाणी घालूं नये. न्हाणीघरांतील बंबांत जसा क्षारांचा थर बसतो, तसाच तो एंजिनांतील पाण्याच्या वाटांत बसतो, आणि मग भर उन्हाळ्यांत घाट चढतांना एंजिन तापतें. तापलेलें एंजिन तसेंच पुढें दामटल्यास हेड वांकतें. पांच मिनिटांची घाई हजारों रुपयांस पडते. क्षारविरहित पाण्यांत योग्य प्रमाणांत कूलंट मिसळून तेंच वापरावें, व गरम रेडिएटरचें झांकण उघडूं नये. इंडिकासारख्या ज्या एंजिनांत दातेरी टायमिंग पट्टा आहे, तेथें तो मुदतींत बदलावा. तो चालत्या गाडींत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हांवर आदळतात.

धूर काय सांगतो

गाडीचा धूर हें तिचें नाडीपरीक्षण आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें इंधन अधिक: तुंबलेली गाळणी, ठिबकणारें नोझल किंवा फाजील ओझें. पांढरा धूर थंड सकाळीं क्षणभर येऊन थांबला तर चिंता नाहीं. तो टिकून राहिला तर इंधन न जळतां बाहेर पडत आहे, आणि रेडिएटरचें पाणीहि कमी होत असेल तर तें सिलिंडरांत शिरत आहे. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हांचे सील झिजले. चालू एंजिनाचें तेल भरण्याचें झांकण उघडल्यावर धुराचे भपके वर येऊं लागले, तर रिंगांचा संशय दृढ होतो.

धूर हा केवळ एंजिनाचा प्रश्न नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ मध्यें डिझेलच्या धुरास मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें. म्हणून बंद पडवींत किंवा गोठ्यालगत गाडी सुरू ठेवूं नये, आणि सतत काळा धूर ओकणारी गाडी ‘अजून चालते’ एवढ्याच कारणानें चालवूं नये.

ब्रेकविषयीं एक सूचना

पेट्रोल एंजिनाच्या ओढीनें जी पोकळी आपोआप मिळते, ती या डिझेल एंजिनांत मिळत नाहीं. म्हणून ब्रेकला साह्य देण्यासाठीं निराळा व्हॅक्यूम पंप बसविलेला असतो, व तो पुष्कळदां आल्टरनेटरच्या मागेंच असतो. ब्रेक एकाएकीं जड लागूं लागला तर केवळ ब्रेकचे जोडे न पाहतां हा पंप, त्याची नळी व पट्टा पाहावा. उतारावर एंजिन बंद करून गाडी सोडण्याची खोड याच कारणास्तव जिवावर बेतते.

गाडी सोडावी केव्हां

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. महाराष्ट्रांत पंधरा वर्षांवरील खासगी गाडीस पर्यावरण करहि आहे. हे खर्च हिशेबांत धरावे.

हिशेबाची रीत सोपी आहे. एका वहींत प्रत्येक भरणीचें डिझेल व किलोमीटर लिहावे. समजा, गाडी वर्षास ६००० किलोमीटर फिरते. लिटरला १२ किलोमीटर पडत असतील तर ५०० लिटर लागतात; तेंच प्रमाण ९ वर आलें तर सुमारें ६६७ लिटर. हे वरचे १६७ लिटर म्हणजे झिजलेल्या नोझलांचें किंवा रिंगांचें व्याज होय. तें व्याज पाहून दुरुस्ती परवडते कीं नाहीं हें ठरवावें. एंजिन उघडण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा; दाब चांगला असेल तर नोझलांच्या दुरुस्तीनेंच काम भागतें. खर्चाचा क्रम असा असावा : आधीं ब्रेक, स्टिअरिंग व टायर, मग पाण्याची व्यवस्था, मग पंप व नोझल, रंग व गाद्या सर्वांत शेवटीं.

परंतु चेसिस गंजून पोकळ झाली असेल, पंप, नोझल व गाळण्या नीट करूनहि धूर थांबत नसेल, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर मोह सोडावा. गाडी गांवच्या भंगारवाल्यास तशीच देऊं नये. २०२१ च्या नियमांन्वयें नोंदलेल्या मोडणी केंद्रांत देऊन तेथील प्रमाणपत्र घ्यावें व नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीं तर कागदोपत्रीं ती आपल्याच नांवावर राहते, व तिची जबाबदारीहि.

तात्पर्य, जुनी डिझेल मोटार ही जुन्या बैलाप्रमाणें दाणावैरणीची व नजरेची धनीण आहे. स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा, वेळेवर वंगण व मऊ पाणी एवढें जो देईल, त्याची ती वर्षानुवर्षें सेवा करील. जो एवढेंहि देऊं शकत नाहीं, त्यानें ती राखण्याचा अभिमान बाळगूं नये. आणि जो देतो, त्यानेंहि वहींतील आंकडे व शेपटीचा धूर यांचें म्हणणें प्रामाणिकपणें ऐकावें.