पाळी रद्द, पगारही रद्द

अमेरिकेत परिचारिकांची टंचाई एवढी आहे की तेथील इस्पितळात नोकरी लागलेल्या बाईला कामाची वा पगाराची ददात म्हणून पडत नाही, हे विधान चांगल्या जाणत्या गृहस्थांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकावे लागते की त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे प्राप्त आहे. या समजुतीचे मूळ आपल्या सरकारी इस्पितळात आहे. तेथे खाटा भरलेल्या असोत वा रिकाम्या, कायम सिस्टरचा दरमहा पगार ठरलेला. अमेरिकेतील बहुतेक परिचारिका मात्र ताशी दराने राबतात, आणि १९३८ सालच्या तेथील श्रमकायद्याने अशा नोकराला हक्क दिला आहे तो प्रत्यक्ष केलेल्या तासांच्या वेतनाचा. तक्त्यात लिहिलेल्या पाळीचा नव्हे. सकाळी सातच्या पाळीला निघायचे म्हणून डबा भरून ठेवावा आणि पाचच्या सुमारास फोन यावा की आज रुग्ण कमी आहेत, येऊ नका! बारा तासांच्या तीन पाळ्यांचा आठवडा. त्यातली एक गेली की आठवड्याचा एक तृतीयांश पगार बुडाला.

टंचाई असताना हे घडते कसे, असे विचारणाऱ्याने इस्पितळाचा जमाखर्च पाहावा. वृद्धांच्या सरकारी विम्याकडून १९८३ पासून आजारागणिक ठरीव रक्कम मिळते. शुश्रूषेचे बिल सहसा वेगळे नसते, ते खोलीभाड्यातच मिसळलेले असते. सबब हिशेबनिसाच्या वहीत परिचारिका दिसते ती केवळ खर्चाच्या रकान्यात, आणि तोही तासातासाने छाटता येण्याजोगा खर्च. २०२० च्या एप्रिलात, ऐन साथीत, नियोजित शस्त्रक्रिया थांबताच अमेरिकन इस्पितळांतील नोकऱ्या सुमारे १,३५,००० ने घटल्या, हे तेथील सरकारी श्रम-सांख्यिकी खात्याचे आकडे सांगतात. आता तरी टंचाईचा दाखला पुरे करावा!

पाळी रद्द होण्याचा हा प्रसंग सर्वांवर सारखा येतो, हेही खरे नाही. नाताळच्या सुमारास नियोजित शस्त्रक्रिया मंदावतात तेव्हा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, आणि बाळंतपणे कमीजास्त होणाऱ्या प्रसूतिविभागात तो अधिक.

पाळी रद्द म्हणजे फुकटची सुट्टी, असेही काही समजतात; पुष्कळदा ताशी चार-दोन डॉलरांवर बोलावणे येईल म्हणून घरीच तयार राहावे लागते. रजेतून पगार मिळतोच ना? मिळतो, पण ती तिनेच साठवलेली रजा. कॅलिफोर्नियात कायदा रक्षण करतो खरा, परंतु कामावर हजर होऊन परत धाडलेल्या बाईलाच, तेही अर्ध्या पाळीचे, किमान दोन व कमाल चार तासांचे वेतन. घरी फोन आला तर तेही नाही.

तिकडे निघालेल्या मुलींनी सही करण्यापूर्वी आठवड्याला किती तास हमीचे आणि पाळी रद्द झाल्यास काय मिळणार, हे करारात लेखी मागून घ्यावे.