चार डिस्क आणि लेखनाचा वेग

एका डिस्कवर जी माहिती लिहिण्यास चार मिनिटे लागतात, ती चार डिस्कांवर एका मिनिटात लिहून होईल, असे कोणासही वाटेल. हा हिशेब कोठे फसतो, हे डिस्क विकत घेण्यापूर्वीच कागद-पेन्सिलीने काढता येते.

अनेक डिस्क जोडून त्यांची एकच डिस्क भासवण्याच्या पद्धतीस ‘रेड’ म्हणतात. बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली आपल्या निबंधात तिचे प्रकार मांडले. हे जोडकाम वेगळ्या यंत्राऐवजी लिनक्ससारखी कार्यप्रणालीच करते, तेव्हा ते सॉफ्टवेअर रेड.

पाचव्या प्रकारात एक डिस्क निकामी झाली तरी माहिती शाबूत राहते. समजा, तीन डिस्कांवर ७, ४ व ९ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २०. मधली डिस्क गेली, तर वजाबाकीने ४ परत मिळतो. (यंत्र बेरजेऐवजी सम-विषम पाहते, आणि बेरजेची जागाही डिस्कांवर आळीपाळीने बदलते, तत्त्व तेच.) आता ४ चे ६ करावयाचे आहेत. जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा. एका नोंदीपायी चार खेपा!

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. सरासरी अर्धा फेरा वाट पाहणे आणि वाचक-दांडी सरकण्याचे सुमारे ८ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम ८० खेपा होतात. चार डिस्कांच्या ३२०. भागिले चार, म्हणजे ८० नोंदी. चार डिस्कांचे पैसे मोजून वेग एकीचाच! प्रत्येक नोंद दोन डिस्कांवर ठेवणाऱ्या रेड १० मध्ये १६० होतात, मात्र जागा निम्मीच मिळते.

लोक दोष देतात प्रोसेसरला. माझ्या मते तो बिचारा निर्दोष आहे. ही बेरीज त्याला क्षणाचेही काम नाही. वेळ जातो तो डिस्क फिरण्यात.

तिन्ही आकडे एकदमच नवे आले, तर मात्र जुने वाचण्याचे कारण उरत नाही आणि तीन डिस्कांचा वेग हाती लागतो. म्हणून लांबलचक चित्रफिती साठवणाऱ्यास पाचवा प्रकार सोयीचा, किरकोळ नोंदी सतत बदलणाऱ्या कचेरीस जाचक.

चाचणी घेताना आणखी एक फसगत होते. कार्यप्रणाली लेखन आधी स्मृतीत ठेवून ‘झाले’ म्हणून कळवते, त्यामुळे लहान फाइलवर आकडा हजारोंत दिसतो. प्रत्येक नोंद डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबण्याची अट घातली, की तो कागदावरच्या हिशेबाजवळ उतरतो. एका वेळी एकच नोंद पाठवली तर त्याहूनही खाली.