शिपायाची साक्ष कोण नोंदवणार?

२९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि भारताची शांतिसेना जाफन्यात उतरली. तामीळ बंडखोरांची शस्त्रे उतरवून घेणे हे तिचे काम. पण ऑक्टोबरात त्यांच्यापैकीच ‘लिट्टे’ संघटनेशी तिला लढावे लागले. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक कामी आले होते.

या युद्धाशी वऱ्हाडचा संबंध नाही, असे कोणी समजू नये. ज्या महार रेजिमेंटशी अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांचे जुने नाते आहे, तिच्याच आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शांतिसेनेचे सेनानी दीपिंदर सिंग आणि हरकीरत सिंग यांनी इंग्रजी ग्रंथ लिहून आपापली बाजू मांडली. शिपायाची बाजू मात्र निवृत्तिवेतनाच्या कागदांपलीकडे उरली नाही. १९७१ च्या युद्धाची कथा गाव कौतुकाने ऐकते. कारण तेथे शत्रू स्पष्ट होता, विजयही स्पष्ट होता. श्रीलंकेत यांपैकी काहीच नव्हते. म्हणून सांगणाराही संकोचतो आणि ऐकणाराही विचारीत नाही.

वस्तुतः अशाच युद्धात शिपायाची साक्ष सर्वांत मोलाची. हे युद्ध वस्तीत, गल्लीबोळांत लढले जाते. समोरचा शेतकरी की सुरुंग पेरणारा, हे परकी भाषा न कळणाऱ्या शिपायाला क्षणात ठरवावे लागते. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण गोळीबारात मारले गेले. असे प्रसंग समजून घ्यायचे, तर तेथील नागरिकांबरोबरच सैनिकांचेही ऐकावे लागेल. स्मृती चकते, कधी स्वतःला सोयीची होते, हे खरे. पण त्यावर उपाय कागदपत्रांशी ताडून पाहणे हा आहे, न विचारणे हा नव्हे.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ पासून सैनिकांचे कथन ध्वनिमुद्रित केले. अमेरिकन काँग्रेसने २००० मध्ये त्यासाठी कायदाच केला. आपल्याकडे १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आहे, महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. वऱ्हाडी बोलीत आपुलकीने विचारणारा विद्यार्थी आणि एक ध्वनिमुद्रक एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.

१९८७ साली विशीत असलेला शिपाई आज साठीला टेकला आहे; त्याचे हवालदार सत्तरी ओलांडून गेले. देशाने त्यांना परक्या भूमीवर पाठविले. तेथे काय घडले, हे विचारण्याचे कर्तव्य अद्याप बाकी आहे आणि त्याची मुदत संपत आली आहे.